दरड, पूर आणि धोक्याचे नकाशे: सह्याद्री-कोकणातल्या गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या गावांतून तेच ते प्रश्न येतात. यादीत आमचं नाव आहे का, नकाशातला लाल रंग म्हणजे काय, किती पाऊस पडला की घर सोडायचं. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई आणि वाडीतली तरुण मुलं यांच्यासाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत.

धोक्याचा नकाशा नक्की काय सांगतो?

नकाशे तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. पहिला संवेदनशीलतेचा: कुठली जमीन सरकण्याजोगी आहे, एवढंच त्यातून कळतं. दुसरा धोक्याचा: ती जमीन किती वेळा, केवढी आणि कोणत्या परिस्थितीत सरकेल याचा अंदाज त्यात असतो. तिसरा जोखमीचा: सरकली तर तिच्या वाटेत कोण आणि काय आहे.

उभ्या कड्याखाली एकही घर नसेल तर संवेदनशीलता भरपूर, पण जोखीम जवळपास शून्य. मध्यम उतार असला आणि पायथ्याशी आश्रमशाळेचं वसतिगृह असलं, तर जोखीम फार मोठी. आज आपल्याकडे उपलब्ध असलेले बहुतेक दरडींचे नकाशे पहिल्या प्रकारचे आहेत. ते तिसऱ्या प्रकारचे समजून वाचले जातात आणि बरीच गडबड तिथेच होते. नकाशा हातात आला की तो कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी विचारा.

दरडींचा नकाशा तयार कसा करतात?

सुरुवात जुन्या दरडींपासून होते. उपग्रहाची आधीची आणि नंतरची छायाचित्रं, तहसीलच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून आजवर कुठे कुठे जमीन सरकली त्याची सूची करतात. मग त्या प्रत्येक जागेचा उतार किती, खडक कोणता, वर मातीचा थर किती जाड, ओढे कुठून वाहतात, झाडी आहे की शेती, रस्त्यासाठी डोंगर कापलाय का, हे पाहतात. ज्या गोष्टी जुन्या दरडींच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात, त्या आणखी कुठे एकत्र आहेत ते शोधायचं. मॉडेल म्हणतात ते मुळात एवढंच. गणित साध्या संख्याशास्त्राचं असो वा मशीन लर्निंगचं, शिदोरी तीच.

सह्याद्रीत हे समजून घ्यायला आपल्या डोंगराची घडण पाहावी लागते. बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले आहेत. वरचे थर ऊन-पावसाने कुजून त्यांचा मुरूम आणि लाल माती झाली आहे, खाली मात्र घट्ट कातळ आहे. पावसाचं पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं. वाट मिळाली नाही की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार कातळावरून निसटतो. कोकणात जांभ्याखाली शेडी, म्हणजे मऊ पांढरट चिकणमाती, असते. जांभ्यातून पाणी झरझर खाली जातं, शेडीत ते साचून राहतं. म्हणून वरून टणक दिसणारा सडा, म्हणजे जांभ्याचं पठारही, कडेने ढासळतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014-15 पासून देशभरातल्या दरडप्रवण डोंगराळ भागाचा, म्हणजे चार लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्राचा, संवेदनशीलता नकाशा 1:50,000 या प्रमाणात तयार केला. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 2023 मध्ये भूस्खलनांचा अ‍ॅटलस प्रसिद्ध केला, त्यात 1998 ते 2022 या काळातल्या सुमारे 80,000 घटनांची नोंद आहे. काम मोठं आहे आणि ते झालं हे फार चांगलं झालं. पण अशा सूच्यांची एक मर्यादा लक्षात ठेवावी: रस्त्यावर आलेली दरड लगेच नोंदली जाते, कारण वाहतूक थांबते. डोंगराच्या मागच्या अंगाला, जिथे गुराख्याशिवाय कोणी जात नाही, तिथली दरड बहुतेक वेळा नोंदलीच जात नाही. मॉडेल शिकतं ते नोंदलेल्या दरडींवरून. गावाने आपल्या आठवणीतल्या दरडी सांगितल्या तर नकाशा सुधारतो, तो यामुळेच.

आमचं गाव दरडप्रवण यादीत नाही. मग निर्धास्त राहायचं का?

नाही. या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ता राहिले. दुसऱ्याच दिवशी सरकारने सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

असं का होतं? एक कारण प्रमाणाचं. 1:50,000 च्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. चाळीसेक घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरची होते. उताराची माहिती ज्या उंचीच्या आकडेवारीवरून काढतात, ती अनेकदा 30 मीटर बाय 30 मीटरच्या चौकटींत असते. म्हणजे सुमारे 9 गुंठे जागेला उताराचा एकच आकडा. तुमच्या घरामागे पडवी वाढवायला उभा कापलेला दोन पुरुष उंचीचा दरडीचा भाग त्या आकड्यात विरघळून जातो.

दुसरं कारण कागदाचं, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे. नकाशा डोंगराचा असतो, यादी मात्र महसुली गावांची असते. सह्याद्रीत माणसं महसुली गावठाणात थोडी आणि वाड्या, पाडे, धनगरवाडे, कातकरवाड्या यांत जास्त राहतात. सातबाऱ्यावर त्यांचं स्वतंत्र अस्तित्व नसतं. गावठाण सपाटीवर असेल तर गावाचं नाव यादीत येत नाही, आणि त्याच गावाची डोंगरावरची वाडी आपोआप सुटते. सर्वेक्षण गावनिहाय न होता वाडीनिहाय व्हायला हवं, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून लावून धरावी.

यादीत नाव असणं म्हणजे सावध राहण्याचं एक कारण. नाव नसणं म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

आमची घरं सपाटीवर आहेत आणि नकाशात तो पट्टा ‘कमी संवेदनशील’ दाखवलाय. तरी काळजी करायची का?

वर डोंगर असेल तर करायची. संवेदनशीलता नकाशा दरड कुठून सुटेल ते दाखवतो. ती कुठवर येईल हे तो सहसा दाखवत नाही. पाण्याने भरलेली माती, दगड, मोडलेली झाडं यांचा लोंढा ओढ्याच्या वाटेने बऱ्याच लांबपर्यंत येऊ शकतो. उतार संपला तिथे तो थांबतो, आणि वस्तीला सपाट जागा लागते म्हणून घरंही नेमकी तिथेच असतात. ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली, मोठ्या गोट्यांनी भरलेली जमीन दिसली तर ती पूर्वीच्या लोंढ्यांनी आणून टाकलेली असण्याची शक्यता मोठी. घर बांधायला ती जागा फार मोहात पाडते. तिथे बांधू नका.

किती पाऊस पडला की दरड येते?

सगळ्या सह्याद्रीला लागू पडेल असा एक आकडा नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या डोंगराला जे सोसतं, ते पूर्वेकडच्या कमी पावसाच्या उताराला सोसेलच असं नाही. शिवाय आजच्या पावसाइतकाच मागच्या आठवड्याचा पाऊस महत्त्वाचा. माती आधीच गच्च भरलेली असेल तर एरवी निभावून गेला असता असा पाऊसही पुरेसा ठरतो.

हवामान विभाग 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पावसाला जोरदार, 115.6 ते 204.4 ला अतिजोरदार आणि त्याहून जास्त पावसाला अत्यंत जोरदार म्हणतो. 22 जुलैच्या सकाळपासून 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एका हेक्टरवर एका दिवसात 59 लाख लिटरच्या वर पाणी आलं. त्याच झडीत महाडमधल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली, खेडमधल्या पोसऱ्यात आणि पाटणमधल्या आंबेघर-मिरगावात दरडी आल्या.

तालुक्याच्या ठिकाणचा आकडा तुमच्या डोंगराचा नसतो. पायथ्याला रिमझिम असताना माथ्यावर कोसळत असतो. महसूल मंडळांत ‘महावेध’ या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, पण घाटात एका मंडळातही फरक प्रचंड असतो. म्हणून वाडीत स्वतःचा पर्जन्यमापक हवा. विकतचा मिळाला तर उत्तम, नाहीतर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचं, सपाट तळाचं भांडं उघड्यावर, पागोळ्या आणि झाडांपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा, भांडं रिकामं करा. जोर वाढला की दर तीन तासांनी मोजा आणि अशा सगळ्या मोजण्यांची बेरीज करा. दोन-तीन पावसाळ्यांची वही झाली की ‘एवढ्या पावसाला ओढा गढूळ झाला, एवढ्याला बांध सुटला’ हे तुमच्या डोंगराचं गणित तुमच्याकडे असेल. ते कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही. ही सोय शाळेकडे सोपवली तर नीट चालते, फक्त सुट्टीच्या दिवशी कोण मोजणार ते आधीच ठरवा.

डोंगर आधी काही खुणा देतो का?

अनेकदा देतो, नेहमी नाही. जमिनीला, विशेषतः उताराला आडवी पडलेली भेग. झुकलेले विजेचे खांब किंवा झाडं. एकाएकी न लागणारी दारं-खिडक्या, भिंतीला तिरक्या चिरा. नसलेल्या जागी फुटलेला नवा झरा. स्वच्छ झऱ्याला अचानक आलेलं मातकट पाणी. आणि सर्वांत भीतीदायक म्हणजे भर पावसात ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं, कारण वर कुठेतरी मातीने तो अडला असण्याची शक्यता असते. यांपैकी काहीही दिसलं तर तपासणीची वाट पाहत बसू नका. आधी माणसं हलवा, मग 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला किंवा 112 ला कळवा.

भेग पावसाळ्याआधी दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर दर आठवड्याला लिहून ठेवा आणि पाणी आत जाऊ नये म्हणून भेग चिकणमातीने बुजवा, वरून प्लास्टिक अंथरा. हा तात्पुरता उपाय आहे.

झाडं लावली तर दरड थांबेल का?

मुळं वरची मीटर-दोन मीटर माती धरून ठेवतात, त्यामुळे उथळ दरडींना नक्की आळा बसतो. सरकण्याची पातळी त्याखाली असेल तर झाडांसकट उतार खाली येतो. झाडं लावाच, पण पायथा कापणं थांबवा आणि वरचं पाणी चरांतून उताराबाहेर काढा. उतारावर सपाट पट्ट्या काढून पाणी मुरू देणारी कामं कुठे करावीत आणि कुठे अजिबात करू नयेत, याची चर्चा 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेल्यानंतर बरीच झाली. वस्तीच्या डोक्यावर ती करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठी या रेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराचं पाणी जिथपर्यंत पोचेल ती निळी, 100 वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधलं क्षेत्र निषिद्ध, निळी आणि लाल यांमधलं नियंत्रित. प्लॉट घेताना बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, नगरपालिकेच्या विकास आराखड्यात रेषा पाहा.

25 वर्षांचा पूर लागोपाठ कसा येतो? हिशेबच चुकीचा आहे का?

नाव फसवं आहे. ‘25 वर्षांचा पूर’ म्हणजे त्या पातळीचा पूर दर वर्षी येण्याची शक्यता 4 टक्के. मागच्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. निळ्या रेषेवरच्या घरात 30 वर्षं राहिलात, तर त्या काळात एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता 71 टक्के आहे. लाल रेषेवरच्या घरासाठी ती 26 टक्के. गृहकर्ज घेताना हे दोन आकडे समोर ठेवावेत.

हिशेबाचीही एक अडचण आहे. तो जुन्या नोंदींवर बसवलेला असतो. पावसाची तऱ्हा बदलली, काठावर भराव पडले, पुलांचे भराव पाण्याला आडवे आले, तर तेवढंच पाणी आता अधिक उंची गाठतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी पाणी 50 फुटांच्या वर गेलं, 2019 मध्ये तर 57 फुटांच्याही पुढे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 आणि धोका 43 फुटांवर आहे. रेषा ठरावीक वर्षांनी नव्याने आखल्या पाहिजेत. त्या वर सरकल्या की जमिनीचे भाव पडतील, म्हणून विरोध होतो. विरोध समजू शकतो, पण पाणी कागदावरच्या रेषेपाशी थांबत नाही.

सांगलीकर एक गोष्ट फार छान करतात. ते पूर फुटांत बोलतात. पुलापाशी किती फूट झाले की कोणत्या गल्लीत पाणी येतं, हे जुन्या रहिवाशांना पाठ असतं. नदीकाठच्या प्रत्येक गावाने हे तंत्र उचलावं: पुलाच्या खांबावर ठळक पट्टे रंगवा, आणि कोणत्या पट्ट्याला कोणाच्या उंबऱ्याशी पाणी आलं ते पुढच्या पुरात तारीख-वेळेसह लिहा. कोट्यवधींच्या मॉडेलला तपासून पाहायलाही हीच माहिती लागते.

चिपळूण-महाडचा पूर घाटावरच्या पुरापेक्षा वेगळा का?

वेळ मिळत नाही म्हणून. कृष्णेचं पाणी चढायला दिवस लागतात, वाशिष्ठी किंवा सावित्री काही तासांत चढते. सह्याद्रीचा उभा उतार, छोटी नदी आणि पुढे खाडी. मोठ्या भरतीच्या वेळी खाडी पाणी आत घेत नाही, ते मागे तुंबतं. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही येतं. त्यामुळे इथल्या पुराच्या मॉडेलला पाऊस, धरण-वीजगृहाचा विसर्ग, नदीतला गाळ आणि भरतीचं वेळापत्रक अशी चारही माहिती एकाच वेळी लागते. मुंबईसाठी 2020 पासून सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही पूर इशारा यंत्रणा पाऊस आणि भरती यांचा असाच एकत्र विचार करते. कोकणातल्या लहान शहरांना त्याची गरज मुंबईइतकीच आहे. ती येईपर्यंत भरतीचं कोष्टक प्रत्येक दुकानात लावलेलं असावं.

हे सगळं हवामान बदलामुळे होतंय का?

एखादी विशिष्ट दरड त्यामुळेच आली, असं सरसकट म्हणता येत नाही. हवा एक अंश तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, हे मात्र पक्कं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. पाऊस बदलला आणि त्याच काळात आपण डोंगर कापले, नदीपात्रं आवळली. दोन्हींचा भार एकाच वस्तीवर पडतो.

नकाशात आमची वाडी आली तर घर सोडावं लागेल का?

नकाशात येण्याने आपोआप कोणी हलवत नाही. ही भीती खरी आहे, अनेक वाड्या त्यामुळेच पाहणी करणाऱ्यांना खुणा दाखवत नाहीत. डोंगर सोडला तर शेती, गुरं, जंगलातला रोजगार सुटतो, हे कोणीही हलक्यात घेऊ नये. पर्याय अनेक आहेत: फक्त धोक्यातली पाच-सात घरं हलवणं, पावसाळ्यापुरता निवारा, पाण्याची वाट वळवणं, आणि शेवटी पूर्ण पुनर्वसन.

पुनर्वसन झालंच तर नव्या जागेचाही तेवढाच बारीक अभ्यास मागा. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. 2017 मध्ये जवळच आमडे इथे नवी वसाहत उभी राहिली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तिथे रस्ते, भराव खचल्याने लोक पुन्हा धास्तावले.

गावाने स्वतःचा नकाशा करायचा कसा?

मार्च-एप्रिलमध्ये करा, तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि भेगा दिसतात. मोठ्या कागदावर वाडी काढा: प्रत्येक घर, ओढे, झरे, पायवाटा, रस्त्यासाठी कापलेला उतार. वयस्कर माणसांना घेऊन डोंगर चढा. कुठली शेतं पूर्वी वाहून गेली, कुठल्या जागेला ‘घसरण’ किंवा ‘तुटलेला कडा’ अशी नावं आहेत, ते विचारा. बायका पाण्याला आणि सरपणाला रोज जातात, नवा झरा बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसतो, म्हणून त्यांची फेरी वेगळी करा. मोबाइलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश टिपा.

मग घरांवर या: कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, बाळंतीण आहे, कोण एकटं राहतं, त्याला उचलून न्यायला कोण जाणार. शेवटी रात्रीच्या अंधारात, विजेशिवाय, ओढा न ओलांडता सुरक्षित जागी जाणारी वाट ठरवा आणि ती एकदा खरोखर रात्री चालून पाहा. मंदिर किंवा समाजमंदिर नेहमीचं म्हणून निवडू नका, तेही त्याच उताराखाली असू शकतं.

निघायचा निर्णय कोण घेणार, हेही कागदावर हवं. दोन नावं, एक गैरहजर असेल तर दुसरं. पर्जन्यमापकाचा ठरलेला आकडा गाठला की त्यांनी कोणाला विचारत बसायचं नाही. पाच वेळा निघालो आणि काही झालं नाही, तर ती पाच रात्रींची झोप गेली, एवढंच.

अधिकृत नकाशे आणि इशारे कुठे मिळतील?

दरडींचे नकाशे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ आणि ‘भूसंकेत’ या संकेतस्थळांवर, पूररेषा जलसंपदा विभागाकडे, जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार प्रत्येक जिल्ह्याला असा आराखडा करावाच लागतो. इशाऱ्यांसाठी मोबाइलवर ‘सचेत’ अ‍ॅप घ्या.

आम्ही केलेला नकाशा द्यायचा कोणाला?

ग्रामसभेच्या ठरावासह तलाठी, तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष यांना एकेक प्रत द्या आणि प्रत्येक प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. दरडींच्या जुन्या जागांची यादी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयालाही पाठवा, म्हणजे ती त्यांच्या सूचीत जाऊ शकेल. एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा. नवं घर, नवा रस्ता, नवी भेग, जन्म, मृत्यू यांसाठी दर मे महिन्यात दुरुस्ती करा आणि दुरुस्त केलेल्या प्रतीचीही पोच घ्या.